बोटीवरच्या जेवणाला काय नेसायचं?

मुलीने आधी तिकिटं काढली आणि मग आम्हाला सांगितलं. जून महिना, सिॲटलहून निघायचं, सात रात्री बोटीवर, अलास्काच्या हिमनद्या बघून परत. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. ते तिने आधीच कळवून ठेवलं होतं : कांदा, लसूण, बटाटा नाही, कंदमूळ कुठलंच नाही. मग ती मला म्हणाली, "आई, दोन रात्री फॉर्मल आहेत. नटूनथटून जेवायला जायचं असतं. बाहेर मरणाची थंडी. तू काय घालशील?"

मी म्हटलं, "घालीन कशाला? नेसेन."

ती हसली, पण फोन ठेवल्यावर मला झोप लागेना. बाकी सगळं आपण घालतो, साडी तेवढी नेसतो, हा भाषेतला फरक उगीच आलेला नाही. आणि हाच प्रश्न आमच्या घरात पासष्ट वर्षांपूर्वी एकदा विचारला गेला होता. त्याचं उत्तर न मिळाल्यामुळे एक बाई घरीच राहिली. ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई.

बरखेड्याच्या जुन्या लोकांना हे सांगायला नको, पण नव्या सुनांसाठी सांगते. आज ज्याला आपण भेल म्हणतो तो कारखाना १९५६ मध्ये 'हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड' ह्या नावाने सुरू झाला. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजशी करार झाला होता, त्यामुळे आपली माणसं शिकायला मँचेस्टरला जायची. विमानाचं तिकीट तेव्हा फार महाग, जाणं बोटीनेच. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघायचं, एडन, सुएझ, पोर्ट सैद करत दोन-अडीच आठवड्यांनी इंग्लंडला लागायचं. अँकर लाईनच्या 'सर्केशिया', 'सिलिशिया', 'कॅलेडोनिया' ह्या बोटी मुंबई आणि लिव्हरपूलमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ये-जा करत होत्या. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुऱ्यातल्या कितीतरी घरांत त्या बोटींच्या दिवसांचा एखादा तरी फोटो सापडेल.

माझे सासरे असेच गेले. जायच्या आधी त्यांनी भोपाळच्या चौक बाजारातून काळा बंद गळ्याचा कोट शिवून घेतला, फक्त रात्रीच्या जेवणासाठी. सासूबाईंनी बेसनाचे लाडू, शेव, भाजलेले पोहे डब्यात भरून दिले. तिथे जेवणाची घंटा दिवस मावळल्यावर व्हायची, म्हणून सासरे आधीच केबिनमध्ये आपलं दिवसाउजेडी जेवण उरकायचे. मग कोट घालून टेबलाशी बसायचे आणि फक्त गप्पा मारायचे. "पोट भरलेलं असलं की गप्पा चांगल्या होतात," असं ते सांगत.

दुसऱ्यांदा जायची वेळ आली तेव्हा बायकोला बरोबर न्यायचं त्यांनी ठरवलं. तेव्हा त्यांच्या वडिलांनी विचारलं, "तिथे ती नेसणार काय?" नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, थंडीने मरेल. दुसरं काही घातलं तर आपल्या माणसांत तोंड कसं दाखवणार? बसलेल्या सगळ्यांना हा प्रश्न बिनतोड वाटला. सासरे गप्प झाले आणि एकटे गेले. त्यांनी स्वतः सूट घातला तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. पुरुषांच्या कपड्यांचं असंच असतं. धोतर जाऊन पँट आली, पागोटं जाऊन टोपी आली, मग टोपीही गेली, आणि धर्म जिथल्या तिथे. बाईने कासोटा सोडला की मात्र धर्म बुडाला.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की हा प्रश्न आमच्या घरातला नव्हेच. तो फार जुना आहे.

आनंदीबाई जोशी आपल्याला डॉक्टर म्हणून ठाऊक. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. बरोबर नवरा नाही, मिशनरी बायकांची सोबत. निघण्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं होतं. त्यात, मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन, खाणं आणि पोशाख बदलणार नाही, असं जाहीरपणे सांगितलं होतं. अठरा वर्षांच्या मुलीने शेकडो लोकांसमोर आपल्या लुगड्याबद्दल शब्द द्यायचा, ह्याची आज नुसती कल्पना करून बघा. शिकायला चाललेल्या कुठल्या मुलाकडून धोतराचा असा शब्द कुणी मागितला होता?

मग फिलाडेल्फियाचा हिवाळा आला. नऊवारी लुगडं ही आपल्या हवेतली फार शहाणी वस्तू आहे. शेतात वाका, विहिरीवर चढा, घोड्यावर बसा, काही अडत नाही. पण त्याचा मागचा काष्टा आणि उघड्या पोटऱ्या बर्फात चालत नाहीत. शिवाय ज्या गावात बायकांचे घोटेसुद्धा दिसत नसत, तिथे सगळ्यांच्या नजरा तिकडेच. तेव्हा आनंदीबाईंनी घागऱ्यावर गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. पाय झाकले गेले, आत लोकरी कपडे घालता आले, आणि साडी सुटली नाही. किती साधा आणि अक्कलहुशारीचा उपाय! तरी तोही त्यांना पत्रातून नवऱ्याला समजावून सांगावा लागला, आणि गोपाळरावांना तो रुचला नाही. ज्या माणसाने बायकोला साता समुद्रापार शिकायला धाडलं, त्याचं मन निऱ्यांपाशी अडलं. गोपाळरावांना मी वाईट म्हणत नाही, ते नसते तर आनंदीबाई कल्याणच्या बाहेर पडल्या नसत्या. पण हे वाचताना मला माझे आजेसासरे दिसले.

आनंदीबाईंचा एक फोटो आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा, कॉलेजच्या डीनबाईंनी दिलेल्या स्वागत-समारंभातला. शेजारी जपानच्या केई ओकामी किमोनोत, सिरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्या देशी पोशाखात, आणि आनंदीबाई साडीत, दागिने घालून. समारंभाला काय घालायचं, ह्याचं तिघींनी तीन तऱ्हांनी दिलेलं एकच उत्तर तिथे दिसतं. मी हा फोटो फोनमध्ये ठेवला आहे. पुढची हकिगत तुम्हाला ठाऊक आहेच. मार्च १८८६ मध्ये पदवी, नोव्हेंबरमध्ये मुंबई, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात शेवट. बावीसही पूर्ण नव्हती. क्षयाने गेल्या. थंडी, अपुरं अन्न, धुराने भरणारी खोली, सगळ्यांनी त्यात हात लावला. त्या मुलीला आधीपासून कुणी म्हटलं असतं का, "बाई गं, ऊब येईल ते घाल, आम्ही काही म्हणणार नाही"?

त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. ऐन फेब्रुवारीत, लहानग्या मनोरमेला घेऊन, उत्तर अटलांटिक ओलांडून. थंड समुद्रातला प्रवास म्हणजे काय ते त्या बाईला विचारायला हवं होतं! रमाबाईंनी धर्म बदलला, पण मांसाहार कधी केला नाही. इंग्लंडातल्या मठात पुडिंगमधल्या अंड्यावरूनसुद्धा त्यांचे खटके उडाले. आपल्या बायकांना हे वाचून त्या एकदम जवळच्या वाटतील.

आता त्या काळच्या बोटींवर जेवायला जाणाऱ्या गोऱ्या बायका काय घालत, तेही बघू. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात पुरुष गळ्यापर्यंत बंद, लोकरीचा काळा कोट, आत कडक शर्ट. बायकांचे मात्र खांदे उघडे, गळा उघडा, दंड उघडे. म्हणजे आपल्या नऊवारीने पाय उघडे टाकले होते, तर त्यांच्या गाऊनने खांदे. थंडी दोघींनाही सारखीच वाजत असणार. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे फर. कोल्ह्याची, मिंकची कातडी गळ्यात. डोक्यावर टोपी, टोपीवर पिसं, आणि कधीकधी अख्खा पेंढा भरलेला पक्षी! रमाबाई अमेरिकेत उतरल्या त्याच १८८६ साली तिथे ह्या पक्ष्यांसाठी ऑडबन सोसायटी निघाली. पुढे १८९६ मध्ये बॉस्टनच्या बायकांनी ही पिसं वापरायची नाहीत म्हणून मैत्रिणींकडून शब्द घेत चळवळ उभी केली. बायकांनीच, आणि चहाच्या टेबलावर बसून. आपल्याकडे पर्युषणात नियम घेतात तसंच झालं की हे!

आणि एक गंमत सांगते, तीही आपल्या घरचीच आहे. ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून 'क्लाइड' बोटीने एक काठियावाडी मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला. मांस, दारू, परस्त्री ह्यांना शिवणार नाही अशी शपथ त्याने आईसमोर घेतली होती, आणि ती त्याला दिली होती बेचरजी स्वामी ह्या जैन साधूंनी. मोहनदास गांधी बोटीवर एकदाही जेवणाच्या टेबलाशी गेले नाहीत. काटे-चमचे धरता येईनात, कशात मांस आहे हे विचारायची लाज वाटे. घरून नेलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली. अंगात काळा सूट असे. पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यांनी खास उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. सप्टेंबर संपत आला असताना तो घालून उतरले, तर सगळ्या इंग्लंडात पांढऱ्या कपड्यात ते एकटेच! सामानाच्या किल्ल्या एजंटाकडे, त्यामुळे बदलायलाही काही नाही. आत्मचरित्रात त्यांनी हे स्वतःच लिहिलं आहे. ज्या माणसाने पुढे पंचा नेसून बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाचा चहा घेतला, त्याची सुरुवात अशी चुकीच्या सुटाने झाली होती, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

आपले वीरचंद राघवजी गांधी त्या मानाने सुरुवातीपासूनच ठाम. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैनांच्या वतीने ते बोलले. खरं निमंत्रण आचार्य विजयानंदसूरींना होतं, पण मुनी वाहनात बसत नाहीत, म्हणून वीरचंदभाईंना पाठवलं. त्यांचे फोटो बघा : डोक्याला काठियावाडी फेटा, खांद्यावर शाल. समुद्र ओलांडला म्हणून आपल्याच काही लोकांनी त्यांच्यावर डोळे वटारले. कपडे बदलले नाहीत तरी बोलणी बसलीच, हे पण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या भोपाळचंच उदाहरण हवं असेल तर सुलतान जहाँ बेगम. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणासाठी त्या लंडनला गेल्या आणि तिथल्या समारंभांत बुरख्यात वावरल्या. राज्य चालवणारी बाई होती, तिला कोण काय म्हणणार? पण आपल्यासारखीला राज्य नसतं, सासर असतं.

गोल साडीचा प्रवासही जरा सांगायलाच हवा, कारण आज तुम्ही-आम्ही जी नेसतो ती काही आदिकाळापासूनची नाही. सत्येंद्रनाथ टागोर पहिले भारतीय आय.सी.एस. अधिकारी. नोकरी मुंबई इलाख्यात. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये मुंबईला यायला निघाल्या, तेव्हा बाहेर पडण्यासारखा पोशाखच नव्हता. कलकत्त्यात एका फ्रेंच दुकानातून काहीतरी विचित्र झगा शिवून आणला, तो अंगावर चढवायलाही दुसऱ्याची मदत लागे. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची साडी पाहिली. घागरा, पोलकं, व्यवस्थित निऱ्या. त्यावरून स्वतःची तऱ्हा बसवली आणि बंगालात नेली. १८७७ मध्ये तीन मुलांना घेऊन, नवऱ्याशिवाय, त्या इंग्लंडलाही गेल्या. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियात जे केलं ते काही आकाशातून पडलेलं नव्हतं. शेजारणीचं बघून आपलं सोयीचं करून घ्यायचं, ही बायकांची जुनी रीत.

आणि बडोदा. दुसऱ्या चिमणाबाई मूळच्या देवासच्या घाटगे, म्हणजे आपल्याच माळव्यातल्या. सयाजीरावांबरोबर त्यांनी युरोपच्या कितीतरी वाऱ्या केल्या. त्यांची मुलगी इंदिराराजे कूचबिहारची महाराणी झाली. तिने फ्रान्समधून शिफॉन मागवून त्याच्या साड्या केल्या आणि युरोपातल्या मेजवान्यांत मिरवल्या. आज लग्नाच्या रिसेप्शनला शिफॉन नेसता ना, ती फॅशन एका मराठी मुलीने आणली. फक्त शिफॉनमध्ये ऊब औषधालाही नाही. आणि ते शिफॉन रेशमाचं होतं.

रेशमापाशी मात्र मला थांबावंच लागतं. पूजेला रेशीम शुद्ध मानायचं आणि एका साडीसाठी हजारो कोष उकळत्या पाण्यात टाकायचे, हा आपल्याकडचा जुना घोळ आहे. माझ्या लग्नातला शालू मी बावीस वर्षांपूर्वी शेवटचा नेसले. हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी अळी बाहेर पडू देऊन सूत काढायची रीत बसवली, ते 'अहिंसा सिल्क' आता मिळतं. महाग आहे, चमक कमी. आमच्या मंडळात कुणी म्हणतं हेच नेसावं, कुणी म्हणतं सुती काय वाईट. लोकरीचं तसं नाही, मेंढी लोकर देऊन जिवंत राहते. पश्मिन्याची बकरीसुद्धा. पण शाहतूशचं नाव काढू नका. त्यासाठी तिबेटचं हरीण मारतात, म्हणून त्या व्यापारावर बंदी आहे. ज्यांचे मुनी दिशाच पांघरतात, आणि ज्यांच्या आर्यिका एका पांढऱ्या साडीवर सगळे हिवाळे काढतात, त्या समाजातल्या बाईने कपड्यांवर एवढं लिहावं का, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आपण श्राविका आहोत, आपल्याला थंडी वाजते.

तर मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. हवी असतील त्यांच्यासाठी मी चौकशी करून ठेवली आहे. बोटीच्या आत उबदार असतं, भोजनगृहात चहा निवत नाही. थंडी असते ती डेकवर. म्हणजे जेवणाच्या साडीला गोठवणाऱ्या वाऱ्याशी भांडायचंच नसतं, जेवून बाहेर हिमनदी बघायला गेलात तर वरून काहीतरी हवं. आत अंगाबरोबरचे गरम कपडे, त्यावर गळाबंद, पूर्ण हातांचं लोकरी पोलकं, आणि साडी जाड सुती किंवा सुती माहेश्वरी. निऱ्या बोटभर वर, कारण बोट हलते. पायात कापडी बंद बूट, मोजे. कुणी गाऊन घातलाच पाहिजे म्हणत नाही. देशी पोशाख चालतो.

जेवणाची वेळ हा मात्र गमतीचा भाग निघाला. जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहानंतर मावळतो. म्हणजे आठच्या फॉर्मल डिनरला मी राजरोस दिवसाउजेडी बसणार! सासऱ्यांना केबिनमध्ये लपून जेवावं लागलं, मला नाही लागणार. ह्यांनी लगेच शंका काढली, पण ज्या गावी सूर्य मावळतच नाही तिथे काय? नॉर्वेच्या वरच्या टोकाला उन्हाळ्यात तसं असतं. मी म्हटलं, तिथलं तिकीट निघेल तेव्हा महाराजांना विचारू.

राहिलं ते "वरून काहीतरी". त्यासाठी मी सासूबाईंची पेटी उघडली. सासरे दुसऱ्या खेपेला एकटे गेले, तेव्हा परत येताना त्यांच्यासाठी मँचेस्टरहून एक कोट घेऊन आले होते. गर्द लाल, जाड लोकरीचा, गुडघ्यापर्यंत लांब. काय मनात होतं देव जाणे. सासूबाईंनी तो कधी घातला नाही. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये डिसेंबरच्या पहाटे त्या अंगणात सिगडी पेटवायच्या, तेव्हा अंगावर नवऱ्याचाच जुना स्वेटर असे आणि पाय उघडेच. कोटात दरवर्षी कडुनिंबाचा नवा पाला घालायच्या. कसर लागू नये म्हणून पाला, आणि जीव मरू नयेत म्हणून डांबरगोळ्या नाहीत. त्या गेल्यावर पाला बदलायचं काम माझ्याकडे आलं. तेवीस वर्षं मी पाला बदलला, कोट कधी अंगाला लावून पाहिला नव्हता.

लावला. खांद्याला बरोबर बसला. दंडात जरा घट्ट, आत लोकरी पोलकं असणार म्हणून बाह्या सैल करायला हव्यात. मग पिशवीत घालून बरखेड्याच्या बाजारातल्या आमच्या मास्टरजींकडे नेला. एप्रिलचं ऊन, दुकानात पंखा गरगरतोय, आणि मी काउंटरवर लोकरीचा कोट पसरते आहे. मास्टरजींनी माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं.

"आंटीजी, इस गर्मी में?"

सांगितलं सगळं. त्यांनी अस्तर उलटून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि मग खिशापाशी थांबले. नवीन कोट येतो तेव्हा खिसे पांढऱ्या दोऱ्याने टाचून बंद केलेले असतात, ते टाके तसेच होते. दोन्ही खिशांचे.

"ये तो खुले ही नहीं कभी," ते म्हणाले. "खोल दूँ?"

मी म्हटलं, "कैंची दीजिए, मैं खोलती हूँ."